पावसाळ्यात येऊ नये, ही नम्र विनंती

प्रति,
मा. पर्यावरण व सामाजिक सुरक्षा सल्लागार
(पुढच्या आरोग्य प्रकल्पावर जे कोणी नेमले जातील ते),
मुक्काम मुंबई किंवा पुणे.

महोदय किंवा महोदया,



सरकारी दवाखान्यांचं रूप पालटायचं ठरलं की आधी कर्ज येतं, कर्जापाठोपाठ अहवाल येतो आणि अहवाल लिहायला आपण येता. 1999 साली जागतिक बँकेच्या कर्जावर महाराष्ट्र आरोग्य सेवा विकास प्रकल्प सुरू झाला. 2023 साली आशियाई विकास बँकेनं वैद्यकीय महाविद्यालयं आणि त्यांना जोडलेल्या रुग्णालयांसाठी राज्याला 50 कोटी डॉलर मंजूर केले. दोन्ही बँका सांगतात ते थोडक्यात असं, की इमारती बांधा, खाटा वाढवा, यंत्रं आणा. मात्र त्यापायी झाडापाण्याला, आदिवासींना, गोरगरिबाला इजा होता कामा नये. पैसे देणारा सावकार कुळाच्या विहिरीचीही चौकशी करतो, हे आमच्या आज्या-पणज्यांनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मनापासून आभार.

आज ना उद्या असा एखादा प्रकल्प महाड-पोलादपूरच्या डोंगरात, आमच्या वरंध खोऱ्यातल्या उपकेंद्रांपर्यंत पोचेल आणि आपली गाडी घाट उतरेल. तेव्हा आपली गैरसोय होऊ नये म्हणून आधीच कळवतो: नेहमीप्रमाणे डिसेंबर-जानेवारीतच यावं.

त्या दिवसांत वरंधा घाट उघडा असतो. भोरकडून निघालात की वाघजाईपाशी थांबून भजी-चहा होतो, खाली उतरल्यावर शिवथरघळीत समर्थांचं दर्शन होतं आणि जेवणाआधी अख्खं खोरं पाहून होतं. भात कापून झालेलं असतं. ओढे कोरडे असतात. 'जागेजवळ पाण्याचा प्रवाह आहे का?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिताना हात अडत नाही, कारण खरंच दिसत नाही. दिसतात ते गोटे. एवढे मोठाले गोल गोटे इथे कुणी आणून टाकले, असं आपण विचाराल, आणि बरोबरचा ठेकेदार सांगेल, "साहेब, पायाला उपयोगी पडतील."

आपल्या फॉर्मवर माझा फार लोभ आहे. वृक्षतोड: नाही. धूळ: पाणी मारण्यात येईल. आवाज: रात्री काम बंद. भूसंपादन: नाही. विस्थापन: शून्य. हे शेवटचे दोन रकाने कसे भरले जातात, ते मात्र आपल्याला कुणी सांगितलं नसेल. उपकेंद्राला जागा विकत घ्यायची पद्धत आमच्याकडे फारशी नाही. गावातलाच कुणीतरी बक्षीसपत्र करून देतो. देणाऱ्याचं मन मोठं असतं, पण भाताचं खाचर बक्षीस देण्याएवढं मोठं मन खोऱ्यात कुणाला परवडत नाही. मग दिली जाते डोंगराच्या पायथ्याची वरकस, नाहीतर ओढ्याकाठचा तो तुकडा, ज्याची कड दर पावसाळ्यात हातभर तुटते. सातबाऱ्यावर नाव चढतं, दात्याचा सत्कार होतो, शाल मिळते. आपल्या कागदावर जबरदस्ती नाही, मोबदल्याचा वाद नाही, कुणाचं घर उठलं नाही. म्हणजे सामाजिक जोखीम कमी. अख्ख्या गावात जी जागा कुणालाच नको होती, तिथे बाळंतिणीची खोली उभी राहते, आणि ती तिथे का उभी राहिली याचं एक कारण आपला रकाना कोरा राहावा हेही असतं. फुकटची जागा घेतली की फॉर्म स्वच्छ राहतो. विकत घ्यायला गेलं, तर पाच प्रश्न आणि दोन जोडपत्रं वाढतात.

कायद्याचीही हरकत नाही. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे 20,000 चौरस मीटरच्या आतल्या बांधकामाला पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागत नाही. आमचं उपकेंद्र म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा आणि छपरावर टाकी. कायद्याच्या दुर्बिणीतून ते दिसतही नाही. तेव्हा जी काय मदार आहे ती आपल्यावरच.

आता कचऱ्याच्या खड्ड्याकडे वळतो. या पत्राचं मुख्य कारण तोच.

खोऱ्यातलं एक उपकेंद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर खुलासा तिथल्या सिस्टरलाच लिहावा लागेल. मागच्या बाजूला, पेरूच्या झाडापलीकडे पत्र्याच्या झाकणाचा चौकोनी खड्डा आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम असं सांगतात, की कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या अशा रंगांप्रमाणे वेगळा ठेवावा, 48 तासांच्या वर साठवू नये आणि सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीला द्यावा. जिथे गाडी पोचत नाही अशा दुर्गम ठिकाणीच खोल पुरायला मुभा आहे. पुरायचं कसं, तेही लिहिलं आहे. खड्डा सुमारे दोन मीटर खोल हवा. अर्धा भरला की चुना, वर माती. दर वेळी कचरा टाकला की दहा सेंटिमीटर मातीचा थर. वर झाकण किंवा जाळी, म्हणजे कुत्री-मांजरं उकरणार नाहीत. जवळ उथळ विहीर नको. जागा पुराची किंवा धुपीची नको. आणि भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळापासून किमान सहा मीटर खाली हवी.

सहा मीटर! हा नियम लिहिणाऱ्याच्या आशावादाला माझा दंडवत आहे. दोन मीटरचा खड्डा आणि खाली सहा, म्हणजे जमिनीपासून आठ मीटर, पंचवीस फुटांच्या वर कोरडं हवं. आमच्या विहिरींना मे महिन्यात तळाशी बादली बुडत नाही, हे खरं. पण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच विहिरींच्या काठावर उकिडवं बसून पोरं तांब्यानं पाणी घेतात, हेही तितकंच खरं. खड्डा काही वेगळ्या जमिनीत खणलेला नाही. पत्रा उचलून पाहिला तर पाणी वरून पडलेलं नसतं, खालून आलेलं असतं. त्यावर चुन्याची साय तरंगते, एखादी रिकामी कुपी उभी डुलत असते. चार पावलांवरून ओढा जातो, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला वाडीची विहीर आहे. सिस्टर बिचारी इमानानं सुई कापते, पिशव्या वेगळ्या करते, वहीत तारीख घालते. तिची वही तपासायला अधिकारी येतो आणि शेरा मारतो, 'समाधानकारक'. वही आहेच समाधानकारक. पाण्याला वही वाचता येत नाही, त्याला कोण काय करणार?

आपण जानेवारीत याल, पत्रा उचलाल, कोरडा ठणठणीत खड्डा पाहाल, फोटो काढाल. अक्षांश-रेखांशासह. फोटो खोटा नसेल.

थोडं गंभीर लिहितो, राग नसावा. 22 जुलै 2021 च्या संध्याकाळी आमच्याच महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. वर महाबळेश्वरला त्या 24 तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. तिथेच उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून खाली आली आणि महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. मदतीची पथकं तळियेला पोचायला दुसरा दिवस उजाडला, कारण वाटेत पूर होता आणि वाटही राहिली नव्हती. त्याच पुरात चिपळूणला कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली, आणि तिथल्या 8 रुग्णांच्या मृत्यूची बातमी राज्यभर गेली. त्याआधी 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही गावं अशीच गाडली गेली होती. 2023 च्या जुलैत खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली, तेव्हा सरकारनं सांगितलं की ती धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. तिन्ही वेळा महिना जुलैच.

आपला फॉर्म चार पानं विचारतो, की दवाखान्यामुळे डोंगराला काय होईल. डोंगरामुळे दवाखान्याचं काय होईल, हे विचारायला एक ओळ ठेवली आहे: 'नैसर्गिक आपत्तीची शक्यता', आणि पुढे तीन चौकोन, कमी, मध्यम, जास्त. बहुधा 'मध्यम'वर खूण होते. 'कमी' लिहिलं तर कुणी हसेल, 'जास्त' लिहिलं तर जागा बदलावी लागेल. आपल्या बँकेच्या जाड पुस्तकावर मी अन्याय करत नाही. जागतिक बँकेची दहा मानकं आहेत; त्यांत मजुरांचं आहे, प्रदूषणाचं आहे, आसपासच्या लोकांच्या आरोग्याचं आणि सुरक्षिततेचं आहे, आदिवासींचं आहे. काही म्हणून सुटलेलं नाही. पुस्तक बारमाही आहे, भेट तेवढी हिवाळी.

   

लोकांशी सल्लामसलतीचा कार्यक्रमही आपण करताच. त्यासाठीही हिवाळाच सोयीचा, कारण तेव्हा ज्यांना विचारायचं ते घरी नसतात. दिवाळी झाली की कातकरी वाड्यांना कुलुपं लागतात. कुलुपं कसली, दाराला आडवी काठी. माणसं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. शासनदरबारी त्यांची नोंद विशेष असुरक्षित आदिम जमात अशी आहे, म्हणून त्यांचं मत आपल्या अहवालात हवंच. मग बैठक होते. सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी ताई, आशा ताई आणि वाडीत राहिलेल्या दोन म्हाताऱ्या. म्हाताऱ्यांना विचारतात, दवाखाना हवा का? त्या म्हणतात, हवा. अंगठे उठतात. लोकसहभाग पूर्ण. कुठे हवा, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर त्यातल्या एकीनं ओढ्याकडे बोट दाखवून 'तिथं नको' एवढं तरी सांगितलं असतं.

कागदावर खुली झालेली गोष्ट जमिनीवर बंद कशी राहते, हे महाडला कुणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात 1923 साली झाला. महाड नगरपालिकेनं 1924 साली चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळं होतं तसंच राहिलं. शेवटी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यावर चालत जाऊन ओंजळीनं पाणी प्यावं लागलं. तेव्हा अहवाल लिहिणारा कुणी सल्लागार असता, तर 1924 सालीच त्यानं 'सर्वांना समान प्रवेश: आहे' अशी खूण करून प्रवासभत्ता उचलला असता.

उलट बाजूचंही एक उदाहरण याच तालुक्यात आहे. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तेव्हा भराभर दगावत. बावस्कर रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसले, घाम, नाडी, रक्तदाब यांच्या नोंदी ठेवत गेले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर चालतं, हे त्यांनी दाखवलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं 1986 साली ते छापलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. इथे माणूस कशानं मरतो हे त्यांना कळलं, कारण तो मरत असतो त्या वेळी ते तिथे हजर होते.

एवढं वाचूनही आपण जुलैत यायचं ठरवलंत, तर आमचा नाइलाज आहे. तयारी मात्र करून या. वरंधा घाटानं येऊ नका; पावसाळ्यात तो बंद ठेवल्याचा हुकूम बहुतेक दर वर्षी निघतो. महाडवरून या, आणि महाडला पाणी चढलं असेल तर दासगावच्या अलीकडे थांबून चौकशी करा. लॅपटॉप नको, तो भिजतो. दहा फुटी बांबू आणा: खड्ड्यात घालायला एकदा, विहिरीत घालायला एकदा. दोन्हीकडचं पाणी कुठवर आलं त्या खुणा एकाच बांबूवर शेजारी शेजारी करा. 108 ला फोन लावा आणि रुग्णवाहिका कुठल्या मोरीपाशी अडते ते पाहा. तिथून पुढे बाळंतिणीला डोलीतून आणायला चार माणसं लागतात, त्यांतला एक खांदा आपला दिलात तर सामाजिक परिणामांचा भाग लवकर आटपेल. कातकरी त्या दिवसांत घरी असतात, लावणीला जातात. बैठक चिखलात उभ्यानं घ्यावी लागेल. डोंगराच्या वरच्या अंगाला भेग पडली आहे का, हे गुराख्याला विचारा. त्याला माहीत असतं. त्याला आजवर कुणी सही मागितलेली नाही, एवढंच.

आणि बक्षीसपत्राची जागा नाकारायची असेल तर लेखी नाकारा. दात्याची शाल परत घेतली जाणार नाही, याची हमी मी गावकीकडून मिळवून देतो. त्याऐवजी खाचराच्या वर, ओढ्यापासून लांब, कातळावरची पाच गुंठे जागा बाजारभावानं घ्या. 50 कोटी डॉलरच्या हिशेबात ती रक्कम शोधायला भिंग लागेल. फॉर्मवर दोन रकाने वाढतील, ते मी भरून देईन. माझं अक्षर बरं आहे.

आपला नम्र,
वरंध खोऱ्यातला एक प्रस्तावित लाभार्थी

ता. क. 1: हे पत्र तक्रारपेटीत टाकणार होतो. पेटी पत्र्याची आहे, व्हरांड्याच्या पागोळ्यांखाली लावलेली आहे आणि किल्ली तालुक्याला असते. मागचा पावसाळा संपल्यावर उघडली तेव्हा आत लगदा निघाला. शेरा पडला: 'तक्रारी निरंक'.

ता. क. 2: कृपया याची नोंद 'सूचना' अशी करावी. तक्रार म्हटली की उत्तराला मुदत लागते, आणि ती मुदत हटकून पावसाळ्यात संपते.