पंधरा सेंटिमीटरचं जंगल

आमच्या भाऊजींच्या घरी सकाळी सातच्या सुमाराला गेलात, तर दार उघडणाऱ्या माणसाच्या कपाळावर पिवळट चिकटपट्टीचे पाच-सहा आडवे तुकडे दिसतील. नव्या दूधवाल्याला वाटलं, हा कुठला तरी पंथ असावा. त्यानं हात जोडले. भाऊजींनीही जोडले.

त्याचं कारण असं. मास्किंग टेप रिळावरून काढून थेट विमानाला लावली, तर निघताना ती खालचा रंग सोबत घेऊन येते. म्हणून तिचा चिकटपणा आधी कातडीवर थोडा मारून घ्यायचा. तळहाताला घाम येतो, दंडावर केस आहेत. कपाळ मात्र कोरडं, गुळगुळीत, आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून क्षेत्रफळानंही वाढतं आहे.

भाऊजी विमानं करतात. ‘प्लॅस्टिकची खेळणी जोडतात’ असं म्हणालात, तर पुढच्या वेळी चहा मिळणार नाही. ‘स्केल मॉडेल’ म्हणायचं. या जातीची माणसं तुम्हीही पाहिली असतील, ओळखली नसतील. हॉटेलातून उठताना टूथपिक खिशात घालणारा, लग्नात आइस्क्रीमचे प्लॅस्टिकचे चमचे गोळा करणारा माणूस कंजूष असेलच असं नाही. टूथपिकनं रंग ढवळतात आणि विमानावर मारायच्या आधी तो चमच्याच्या पाठीवर मारून बघतात. भाऊजींच्या खिडकीत सत्तावीस चमचे उलटे वाळत आहेत, सगळे हिरवे. ताईला ते एकाच हिरव्याचे वाटतात. हे बोलून दाखवायचं तिनं सोडून दिलंय.

पुण्याहून विमानानं कुठं जायचं असलं की भाऊजी तीन तास आधी लोहगावला पोचतात. सुरक्षेच्या काळजीनं नव्हे. तिथली धावपट्टी हवाईदलाची, आणि एखादं सुखोई उडालं तर दिसावं म्हणून. एकदा खरंच उडालं. सगळे प्रवासी कानांवर हात ठेवून बघत होते आणि भाऊजी ताईला सांगत होते, ‘‘बघ, शेपटीजवळ काजळी कशी धरलीय. तसंच करायचं.’’

तर हा माणूस गेले चौदा महिने व्हिगेन रंगवत होता.

व्हिगेन हे स्वीडनच्या साब कंपनीचं लढाऊ विमान. 1967 मध्ये पहिल्यांदा उडालं, 2005 मध्ये निवृत्त झालं. शत्रूनं पहिल्याच दिवशी विमानतळ उडवले तर काय, या चिंतेतून स्वीडिश लोकांनी ते पाचएकशे मीटरच्या सरळ हमरस्त्यावरही उतरेल असं घडवलं. थांबायला जागा कमी पडू नये म्हणून इंजिनाचा झोत उलटा फिरवायची सोय केली. उतरलं की जंगलाच्या कडेला दडवून ठेवायचं. वरून पाहणाऱ्याला झाडी आणि शेतंच दिसावीत, म्हणून अंगावर चार रंग: वाळक्या मातीचा, पोपटी, गडद हिरवा आणि काळपट हिरवा. इथवर ठीक होतं. पण हे रंग त्यांनी ढगांसारखे मऊ कडांचे ठेवले नाहीत. फुटक्या काचेसारखी कोनाकोनांची, धारदार कडांची ठिगळं जोडली. त्या नक्षीला नाव दिलं ‘शेतं आणि कुरणं’. नाव ऐकून बैलगाडीतून चाललोय असं वाटतं. रंगवायला बसलेल्या माणसाला मात्र ती वाटणीनंतरची भाऊबंदकीची शेतं वाटतात. एकही बांध सरळ नाही, आणि प्रत्येक बांधावरून भांडण.

मोठं विमान पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत 10.6 मीटर. भाऊजींचं एकास बहात्तर प्रमाणातलं, म्हणजे 147.2 मिलिमीटर, एक वीतही भरणार नाही एवढं. एवढ्या जागेत ते सगळं जंगल.

पहिला महिना झेरॉक्सच्या दुकानात गेला. सूचनापत्रकातलं चित्र विमानाच्या मापाला मोठं करायचं होतं. भाऊजी म्हणाले, ‘‘150.2 टक्के.’’ दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘काका, एकशे पन्नासच होईल. वरचे पॉइंट दोन कसे काढू?’’ भाऊजी दुसऱ्या दुकानात गेले. मग तिसऱ्या. शेवटी पहिल्याच दुकानात येऊन 150 वर तडजोड झाली. ते दशांश दोन आजही त्यांच्या मनात आहेत.

आता कामाची रीत. सगळ्यांत फिकट रंग आधी, मग गडदाकडे. मातीचा रंग मारायचा, जिथं तो राहायला हवा तिथं टेपचे कोनाकोनांचे तुकडे लावायचे. वर पोपटी मारायचा, त्यातला राखायचा तो झाकायचा. असं चौथ्या रंगापर्यंत. टेपच्या कडेखाली रंग घुसू नये म्हणून नव्या रंगाआधी कडेवर जुन्याच रंगाचा हलका हात द्यायचा. म्हणजे गळायचाच असेल तर जुना रंग जुन्यावरच गळेल. ही युक्ती ऐकून मला भाऊजींबद्दल पहिल्यांदा खरा आदर वाटला. एअरब्रशनं एक रंग मारायला चार-पाच मिनिटं लागतात. त्याआधी टेप कापायला तीन आठवडे. वहीत नोंद आहे: एकूण तुकडे 312. बँकेत असताना चिल्लरही ते अशीच मोजत.

पावसाळ्यात काम बंद. हवा दमट असली की लॅकर वाळताना पांढरट पडतो, शिवाय कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचतं आणि ऐन वेळी फवाऱ्यातून थेंब टपकतो. त्यामुळे भाऊजींचा हंगाम रब्बीचा. दसऱ्याला पेरणी, होळीपर्यंत काढणी.

मागच्या श्रावणात रिकामे होते तेव्हा मी त्यांना पेणला गणपतीच्या कारखान्यात घेऊन गेलो. तिथेही कॉम्प्रेसर आणि स्प्रेगन. भाऊजी घरच्यासारखे रमले. एक कारागीर पितांबराच्या काठाशी रंगाची छटा हातानंच उतरवत होता, एकामागून एक मूर्ती. भाऊजींनी टेपबद्दल विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, ‘‘टेप कशाला? हात आहे की.’’ परतीच्या वाटेवर खोपोलीपर्यंत भाऊजी एक शब्द बोलले नाहीत.

ताईनं एकदाच हस्तक्षेप केला. कुठल्याशा पुस्तकात तिनं पाहिलं, की पुढे स्वीडिश हवाईदलानं याच व्हिगेनची लढाऊ आवृत्ती सरळ राखाडी रंगांत रंगवायला घेतली. ती म्हणाली, ‘‘अहो, मग राखाडी करा ना! दोन दिवसांत होईल, आणि तेही खरंच असेल.’’ भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘‘ज्ञानेश्वरी वाचायची म्हणून घेतली आणि अनुक्रमणिका वाचून ठेवली, तसं होईल ते.’’

भाच्याचं अज्ञान त्याहून निरागस. तो म्हणाला, ‘‘बाबा, आपला तिरंगी गोल लावा ना यावर.’’ इथं त्यानं जुन्या जखमेवर बोट ठेवलं. सत्तरच्या दशकात भारत नवं हल्ला करणारं विमान शोधत होता, तेव्हा जॅग्वार आणि मिराज एफ-1 बरोबर व्हिगेनही शर्यतीत होतं. पण त्याचं इंजिन मुळात अमेरिकन. बोइंग 737 ला जे बसायचं त्याच घराण्यातलं, व्होल्व्होनं आफ्टरबर्नर जोडून तयार केलेलं. अमेरिकेनं 1978 मध्ये ते भारताला विकू द्यायला नकार दिला. आपण जॅग्वार घेतलं, 1979 मध्ये ते अंबाल्याला उतरलं, आणि भाऊजींच्या मनातला तो व्यवहार अजून ‘प्रलंबित’ या शेऱ्याखाली पडून आहे. तरीसुद्धा तिरंगी गोल? जे झालं नाही ते रंगवायचं? दोन दिवस त्यांनी भाच्याला गणित शिकवलं नाही.

गेल्या रविवारी शेवटची टेप काढायची होती. मला मुद्दाम बोलावलं. पंखा बंद, दार बंद, कामवाल्या मावशींना उशिरा यायला सांगितलेलं. भाऊजी चिमट्यानं एकेक तुकडा उलटा दुमडून, विमानाला जवळजवळ चिकटून ओढत होते. 311 तुकडे निघाले. खालून काय निघालं ते खरंच बघण्यासारखं होतं. तेवढ्याशा जागेत धारदार कडांची शेतं, कुरणं, झाडी, कुठंही रंग गळलेला नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

312 वा तुकडा शेपटीच्या डाव्या बाजूचा. तो निघाला तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा पोपटी सोबत घेऊन निघाला.

भाऊजी काही बोलले नाहीत. दुपारी तिथं तीन केसांच्या ब्रशनं रंग लावला. मी भिंग घेऊन शोधलं, मला सापडलं नाही. आता विमान दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात आहे, नाक उजवीकडे, डावी बाजू भिंतीला. येणारा कुणीही तिकडं पाहतसुद्धा नाही. पण चहाचा कप हातात देता देता भाऊजी स्वतःच कपाट उघडतात, विमान फिरवतात आणि म्हणतात, ‘‘इथं बघा, इथं बिघडलंय.’’