अप्पांच्या गाडीचं वय

आमच्या आणि अक्कांच्या अंगणांमधली भिंत कमरेएवढीच आहे. बांधताना सिमेंट संपलं, असं आमचे हे सांगतात. होटगीत, जिथं सिमेंटचा कारखाना आहे तिथं, सिमेंट संपलं! पुढं ती वाढवायचं कुणीच मनावर घेतलं नाही, ते बरं झालं. सकाळी दहाच्या सुमारास, एखादी मालगाडी सिग्नलला अडकून पडलेली असते तेव्हा, आम्ही दोघी भिंतीला टेकतो. इकडं मी, तिकडं अक्का, मधे भिंतीवर भाजलेल्या शेंगांची परात. चटणी उखळातच कुटायची, मिक्सर लावायचा नाही, असा त्यांचा नियम. शेंगा सोलायला मात्र माझे हात चालतात.

"कळलं का ओ बाई," अक्का परवा म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्यांनी परत गाडी बदलली."

कळलं होतं. पेढे आले होते. बारा वर्षांत ही चौथी.

"आता आमच्याकडं तोंडं फुगलीत. पोरगं पुण्यावरनं फोन करतंय, अप्पा, आता काढा ही गाडी. अप्पा म्हणतात, आधी मला काढा."

अप्पांची गाडी भिंतीपलीकडं लिंबाखाली उभीच होती. होंडाची सिटी, चंदेरी, एमएच १३, २००५ सालच्या दिवाळीतली. काट्यावर २ लाख ८७ हजार किलोमीटर. पोरगं म्हणतं तसं एका शोरूममध्ये दाखवायला नेली होती. तिथल्या टाय लावलेल्या पोरानं गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटसुद्धा न उघडता म्हणाला, साठ हजार. "अप्पा तिथंच उठले," अक्का म्हणाल्या. "म्हणाले, वीस हजारांचे तर चार टायर घातलेत मी. राहिलेल्या चाळीसात इंजिन, गिअरबॉक्स आणि वीस वर्षं?"

हे अप्पा रेल्वेत कॅरेज-वॅगनला होते. गाडी फलाटावर आली की चाकाचाकावर हातोडी मारत जाणारी माणसं असतात ना, त्यांतले. आवाज बदलला की चाक तडकलंय. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, कान तसाच आहे. एकदा मी स्कूटरवरून दारात उतरले, तर हे भिंतीवरून म्हणतात, "बाई, मागचं ब्रेक लायनर संपलंय तुमचं." संपलं होतं.

त्यांचं म्हणणं एकच, आणि ते गेली वीस वर्षं मी या भिंतीवरून ऐकते आहे. रेल्वेत मोडायची वाट बघत नाहीत. जुन्या निळ्या डब्याचं आयुष्य कागदावर २५ वर्षं. तो काय नुसत्या लोखंडाच्या जिवावर चालतो? दर १८ महिन्यांनी वर्कशॉपला जातो, पीओएच होते, सगळं उघडून बघतात, मग परत लाईनीवर. गाडी चांगली चाललीय म्हणून कुणी तारीख पुढं ढकलत नाही. "आणि आपली माणसं," अप्पा म्हणतात, "गाडी चांगली चाललीय म्हणूनच गॅरेजला नेत नाहीत."

या सगळ्याचा हिशेब आहे बिस्किटाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात. तो डबा अक्कांचा. अप्पा पावती आणतात, अक्का मागं तारीख आणि किलोमीटर टाकून डब्यात घालतात. मी गणिताची बाई, मला राहवत नाही. एका उन्हाळ्यात दोन दुपारी बसून मी त्या पावत्या वर्षांप्रमाणे लावल्या. इंजिन ऑइल दर १० हजारांना, आणि गाडी कमी फिरली तर वर्ष झालं की. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा ओढतं. एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या काळात, कारण पुस्तक लिहिणाऱ्यानं होटगीची धूळ बघितलेली नाही. सगळ्यात मोठं वर्ष २०१६ चं: क्लच, पुढचे शॉकअप, बुश, मिळून ४१ हजार. अक्का तेव्हा आठवडाभर अप्पांशी बोलल्या नव्हत्या.

"आणि कोपऱ्यावरच्यांचा हप्ता किती?" मी विचारलं.

"अठरा हजार म्हणे. महिन्याला." अक्कांनी शेंग दाताखाली फोडली. "म्हणजे आमचं सगळ्यात वाईट वर्ष ते दर सव्वादोन महिन्यांनी काढतात की ओ!"

गणित बरोबर आहे, थोडं त्यांच्या बाजूनं झुकलेलं. हप्त्यात गाडी नवी मिळते, एअरबॅगा जास्त मिळतात, हे अक्का धरत नाहीत. मी ते बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शेंगा सोला."

मिस्त्रीचं एक कौतुक सांगायलाच हवं. या गाडीच्या चार सिलिंडरला आठ प्लग. एकेकाला दोन. हे आमच्याकडं पुष्कळ वर्षं कुणाला ठाऊकच नव्हतं. एका गॅरेजवाल्यानं समोर दिसणारे चार बदलले, मागचे चार तसेच ठेवले, आणि गाडी झटके देते म्हणून पेट्रोलला नावं ठेवली. अप्पांनी पावती बघितली, चार प्लग. पुस्तक उघडलं, आठ. तेव्हापासून गाडी सोलापुरात एकाच मिस्त्रीकडं जाते, जो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "अप्पा, हिला आठ लागतात." त्यानंच सांगितलं की हिला टायमिंगची चेन आहे, पट्टा नाही. पट्टेवाल्या गाडीत पट्टा मुदतीत बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. चेनला तो घोर नाही, फक्त ऑइल स्वच्छ पाहिजे. टॅपेट तेवढे अधूनमधून सेट करायचे.

एकदा मात्र ही गाडी मरता मरता वाचली, आणि त्यात गुन्हा अक्कांचा. हे त्या स्वतःच सांगतात, पण अप्पा घरात नसताना. एका उन्हाळ्यात अप्पा बाहेरगावी, पाणी कमी दिसतंय म्हणून अक्कांनी बोअरचं पाणी भरलं. मग सवयच लागली. आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे बंबाच्या बुडाशी कसा पांढरा थर बसतो, तसला थर रेडिएटरमध्ये. पुढच्या मे महिन्यात पुण्याला निघाले, टेंभुर्णीच्या अलीकडं काटा चढला. दुसरा कुणी असता तर पुढच्या ढाब्यापर्यंत रेटली असती. अप्पांनी जागेवर थांबवली, झाकणाला हात लावला नाही, दोघं तासभर बाभळीखाली बसून राहिले. म्हणून हेड वाकलं नाही. रेडिएटर नवा घालावा लागला एवढंच. आता कूलंट आणि बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी. ती बाटली अक्का देवघराशेजारी ठेवतात, कारण तिथं कुणी दुसरं काही भरत नाही.

आणखी एक निरीक्षण, हे माझं. माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिकडं गाडी खालून मरते. खारा वारा, पाऊस, पत्रा चाळण होतो, इंजिन ठणठणीत असतं आणि पाय ठेवायला तळ नसतो. सोलापूरकडं गाडी वरून मरते. तळ कोरडा, गंज नाही, पण ४४ अंशांत रंग उडतो, डॅशबोर्ड तडकतो, रबरं कडक होतात. म्हणून अप्पांच्या डॅशबोर्डवर फाटकी सोलापुरी चादर असते. कोपऱ्यावरचे त्याला हसतात. वीस वर्षांचा तो डॅशबोर्ड मात्र अजून अखंड आहे. टायरचं तसंच: नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनी रबर उतरतं. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. अक्का दुकानात रव्याच्या पाकिटावरची तारीख बघतात, तशी टायरवरची बघतात. दुकानदार वैतागतो.

"मग बाई, तुम्ही शिकलेल्या," अक्का म्हणाल्या, "अशी गाडी चालते तरी किती?"

मी त्यांना अमेरिकेतल्या जो लोसिसेरो यांची गोष्ट सांगितली. मेन राज्यातला माणूस, होंडाचीच १९९० ची अकॉर्ड. तीसुद्धा जुनी घेतलेली, ७४ हजार मैल झालेली. २०११ मध्ये तिनं दहा लाख मैल पुरे केले, म्हणजे १६ लाख किलोमीटर. कंपनीनं मिरवणूक काढली आणि नवी गाडी भेट दिली. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची मर्सिडीज तर ४६ लाख किलोमीटर चालली, २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. पण तिची इंजिनं अनेकदा बदललेली.

"मग ती तीच गाडी कशी?"

"तुमच्या सासूबाईंची गोधडी तीच आहे का?"

अक्कांनी क्षणभर विचार केला. "तीच आहे की. आता त्यात सासूबाईंचं लुगडं एकसुद्धा उरलं नाही."

लोसिसेरो काय, तो टॅक्सीवाला काय, दोघांच्या गाड्या रोज पळायच्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. पळणारी गाडी टिकते, उभी गाडी मरते. कोविडात अप्पांची दोन महिने हलली नाही, तर बॅटरी गेली आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं बाळंतपण उरकलं. तेव्हापासून कुठं जायचं नसलं तरी अप्पा आठवड्यातून एकदा कुंभारीपर्यंत जाऊन येतात. अक्का त्याला गाडीचा योगा म्हणतात.

हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ती एक नवी काळजी. जुन्या गाड्यांत काही रबरी भाग बदलावे लागतील, असं सरकारही म्हणतं. मिस्त्रीनं पेट्रोलच्या पायपा आधीच बदलून टाकल्या. "ऊस आमचा, कारखाना आमचा," अक्का म्हणाल्या, "आणि पायपा पण आमच्याच खातंय!"

पण त्यांचा खरा जीव घाबरा झाला होता तो मोबाईलवरच्या एका निरोपानं: १५ वर्षांवरची गाडी सरकार उचलून नेणार. तो नियम दिल्लीचा, पेट्रोलला १५ आणि डिझेलला १०, आणि त्यावरही कोर्टात घोळ चालूच. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची अट आहे, म्हणून तर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आपल्या खासगी गाडीला तसं काही नाही. १५ वर्षं झाली की आरटीओत तपासून घ्यायची, पाच वर्षं वाढवून मिळतात, मग परत पाच. फक्त फी बघा. २०२० मध्ये अप्पांनी ६०० रुपये भरले होते. २०२२ पासून ५ हजार झाली. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला १० हजार, वर जीएसटी, हरित कर वेगळा. चालवायची बंदी नाही, पण चालवू नका असं हळूच सुचवलेलं.

"भरले ओ," अक्का म्हणाल्या. पदराला हात पुसून आत गेल्या, डबा घेऊन आल्या. "गाडी पास झाली. इन्स्पेक्टर म्हणाला, अप्पा, हिचा धूर माझ्या गाडीपेक्षा बरा आहे. हे बघा, २०३० पर्यंत कागद."

मी कागद बघितला. त्याच्याखाली डब्याच्या बुडाशी अप्पांचं लायसन होतं. सहज उलटून तारीख वाचली आणि गप्प बसले.

"काय झालं?"

"अक्का, गाडी २०३० पर्यंत आहे. अप्पांचं लायसन येत्या मे महिन्यात संपतंय. वाढवून मिळतं, पण डॉक्टरांचा दाखला लागतो. डोळे तपासतात."

अक्कांनी एकदम घराकडं बघितलं. "हळू बोला. मोतीबिंदूचं त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. म्हणजे डॉक्टरनं मला सांगितलंय, मी त्यांना नाही."

"कशाला हळू?" लिंबामागून आवाज आला. अप्पा गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते, हातात हातोडी. "ऐकू येतंय मला सगळं. दिसत नाही, तेवढंच."