टिकाऊराव

खरं नाव वेगळं आहे, पण मंडळात सगळे त्यांना टिकाऊरावच म्हणतात आणि त्यांची त्याला हरकत नाही. ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला एकसारख्या घरांच्या वसाहती पसरल्या आहेत. तिथल्या मराठी घरांत शोधायला गेलात तर एक डॉक्टर, एक नाट्यगीतं गाणाऱ्या वहिनी, एक कायम देणगीपुस्तक घेऊन फिरणारे आणि एक टिकाऊराव हमखास सापडतात. वस्तू विकत घेणं हा टिकाऊरावांचा छंद नाही. वस्तू निवडणं हा आहे.

‘एकदाच घ्यायचं, पण चांगलं घ्यायचं’ हे वाक्य त्यांनी सांगलीहून येताना प्रेशर कुकरबरोबर बॅगेत घालून आणलं. कुकर अजून चालू आहे. गॅसकेट कितवी, ते त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींनाही आठवत नाही. भांडं मात्र मूळचं. वाक्यही अजून चालू आहे. परिणाम असा की त्यांच्या घरात जे आहे ते उत्तम आहे आणि पुष्कळसं अजून आलेलंच नाही. दिवाणखान्यात सोफ्याची जागा कितीतरी वर्षं मोकळी होती, कारण लाकडाचा निर्णय होत नव्हता. पाहुणे सतरंजीवर बसायचे. सतरंजी सोलापूरची, एक धागा उसवलेला नाही.

टेक्ससमध्ये राहायचं आणि मागच्या अंगणात धूर काढायचा नाही, हे फार दिवस जमत नाही. ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्ट नावाचं छोटंसं गाव आहे. 1999 मध्ये टेक्ससच्या प्रतिनिधीगृहाने रीतसर ठराव करून त्याला राज्याच्या बार्बेक्यूची राजधानी म्हटलं. (आपल्या विधानसभेत मिसळीबद्दल असा ठराव आला तर कोल्हापूर, पुणे आणि नाशिक यांच्यात नवा सीमाप्रश्न उभा राहील.) तिथली जुनी मंडळी ओकच्या लाकडाचा जाळ करून रात्र-रात्र मांसाशेजारी बसतात. टिकाऊराव गोमांस खात नाहीत, पण कोंबडी आणि डुकराच्या फासळ्यांना त्यांची ना नाही. अडचण होती ती रात्रभर लाकडं सारण्याची. “जागरण करायचं तर गोंधळाला करावं, मांसाला कशाला?” असं त्यांचं म्हणणं. मग ऑफिसातल्या एकाच्या अंगणात त्यांनी पेलेट स्मोकर पाहिला आणि त्या दिवसापासून आमच्या सगळ्यांच्या शनिवारांना कीड लागली.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या. त्या एका पेटीत ओतायच्या. खाली लांब मळसूत्र फिरतं, ते कांड्या थोड्या थोड्या पुढे ढकलून जाळाच्या वाटीत टाकतं. तिथे विजेवर तापणारा इग्नायटर त्या पेटवतो, पंखा वारा घालतो आणि आतलं तापमान बघून एक छोटा कंट्रोलर ठरवतो की आता किती इंधन सोडायचं. आपण आकडा लावायचा आणि झोपायला जायचं. हे सगळं टिकाऊरावांनी व्हिडिओ कॉलवर आईंना समजावून सांगितलं, तेव्हा मी तिथेच चहा घेत होतो.

“म्हणजे चुलीला वायर?” आईंनी विचारलं.

“हो आई.”

“आणि लाइट गेली तर?”

“इथे लाइट जात नाही, आई.”

आई गप्प बसल्या. भारनियमनाच्या वेळापत्रकावर सगळा स्वयंपाक बसवलेली ती बाई. पटलं म्हणून गप्प बसल्या नव्हत्या.

पुढचा अभ्यास सार्वजनिक होता. एका सत्यनारायणाला प्रसादाचा द्रोण हातात असताना आम्हाला पेलेट ग्रिलचा इतिहास ऐकावा लागला. ओरेगनमधल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी 1980 च्या दशकात हे यंत्र बनवलं. लाकडी कांड्या तेव्हा घरं ऊबदार ठेवायला जाळत, त्या त्यांनी स्वयंपाकाला लावल्या. 1986 साली पेटंट मिळालं, 2006 मध्ये ते संपलं आणि मग ज्याला पत्रा वाकवता येतो असा प्रत्येक जण या धंद्यात उतरला. ते पेटंट संपलं नसतं तर बाजारात एकच कंपनी राहिली असती आणि आमचं प्रकरण एका दुपारी आटोपलं असतं.

टिकाऊरावांनी तक्ता केला. त्यात पत्र्याच्या जाडीचा रकाना होता, झाकणाच्या बिजागरीचा होता, चाकांचा होता. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं की आमच्यातल्या दोघांनी घाबरून गॅसवरची ग्रिल घेऊन टाकली. 16 गेज म्हणजे दीड मिलिमीटर, 10 गेज म्हणजे जवळजवळ साडेतीन. दीड मिलिमीटरला ते “पापड” म्हणायचे.

दुकानात मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो आहे आणि ते दृश्य सगळ्यांनी बघावं असं आहे. खिशातून त्यांनी फ्रिजला लावायचा लोहचुंबक काढला. गणपतीपुळ्याहून आणलेला, वर बाप्पांची छोटी मूर्ती. 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलला लोहचुंबक सहसा धरत नाही, 430 जातीच्या हलक्या स्टीलला धरतो, एवढ्या ज्ञानावर ही परीक्षा उभी होती. पहिल्या स्मोकरच्या झाकणाला बाप्पा लावले. चिकटले. “हलका माल.” दुसऱ्याला लावले. चिकटले. तिसऱ्याच्या पोटात हात घालून ठिबक-पत्र्याला लावून बघितले. मग झाकण उघडून सोडलं, आवाज ऐकला, पुन्हा सोडलं. दुकानातला पोरगा मदतीला आला, तो बाप्पांकडे बघून दोन पावलं मागे सरकला. त्याला वाटलं असावं, पूजा चालली आहे. एका स्मोकरवरून मात्र बाप्पा खाली घसरले आणि टिकाऊरावांनी मला डोळ्यांनीच खूण केली. किंमत बघून आम्ही दोघेही तिथून सरकलो.

हे शास्त्र कोसळलं ते योडरपाशी. कॅन्ससमधल्या हचिन्सनला बनणाऱ्या या स्मोकरचा देह 10 गेजच्या साध्या पोलादाचा, वजन दीडशे किलोच्या घरात. बाप्पा असे घट्ट बसले की नखाने सोडवावे लागले. जाड साध्या पोलादाला लोहचुंबक धरणारच आणि तरीही ते वर्षानुवर्षं टिकणार, हे समोर दिसत होतं. त्या रात्री तक्त्यात नवीन रकाना आला: ‘बाप्पा निरपेक्ष’.

अमेरिकेत खरेदी पुढे ढकलायची फार चांगली सोय आहे. मेच्या अखेरीस मेमोरियल डेचा सेल. तो हुकला तर चार जुलै. मग सप्टेंबरातला लेबर डे, मग थँक्सगिव्हिंग. प्रत्येक सेलच्या आधी टिकाऊराव म्हणत, “या वेळी नक्की,” आणि नंतर म्हणत, “नवीन मॉडेल येतंय.” शेवटी वहिनींनी एकच वाक्य टाकलं. “दिवाळीपर्यंत तो आला नाही, तर अंगणात त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या चौथऱ्यावर मी तुळशीवृंदावन बांधणार.” स्मोकर धनत्रयोदशीला आला. कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही. हळदकुंकू लावलं, नारळ मात्र झाकणावर फोडू दिला नाही.

आणल्यावर लगेच तो झाकून ठेवण्यात आला. ह्यूस्टनची हवा म्हणजे कोकणातला जुलै, वर्षातले सात-आठ महिने. पेलेटला पाणी लागलं की ते फुगून पुन्हा भुसा होतात आणि मळसूत्रात अडकून बसतात. हे वाचल्यावर पेलेटची 20 पौंडांची पोती घरात आली, आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या मोठ्या डब्यात हिकरी शिरली. तांदूळ उघड्यावर. वहिनी त्याबद्दल आजही बोलतात.

पहिल्या मेजवानीला डुकराचा मोठा खांदा होता, कांदा-लसूण मसाला चोळलेला. सकाळी सहाला आत गेला, पाहुणे संध्याकाळी सातला. स्मोकर 225 फॅरनहाइटवर अगदी इमानाने चालला होता. मांसाच्या आतला आकडा 160 पर्यंत सरसर चढला आणि तिथेच बसून राहिला. पिटमास्टर मंडळी याला ‘स्टॉल’ म्हणतात. मांसातलं पाणी बाहेर येऊन वाफ होतं, ती वाफ मांसाला गार करते, आणि तासन्‌तास पारा हलत नाही. फॉइलमध्ये किंवा जाड कागदात गुंडाळलं की सुटतो. टिकाऊरावांना हे सगळं माहीत होतं. पण गुंडाळलं की बाहेरची काळी खरपूस साल मऊ पडते, आणि तडजोड हा शब्द त्यांच्या तक्त्यात नव्हता. आठ वाजले, नऊ वाजले. ते कारण समजावून सांगत होते, लहान मुलं सतरंजीवर झोपली होती. वहिनींनी न बोलता कुकर लावला. त्याच, सांगलीच्या. साडेनऊला सगळे पिठलं-भात जेवले.

मांस मध्यरात्रीनंतर तयार झालं. खोटं कशाला सांगू, ते अप्रतिम होतं. काट्याने ओढलं की धागे सुटत होते, कडेला धुराची गुलाबी पट्टी. कुणाच्या तरी आजींनी ती पट्टी बघून “कच्चं राहिलंय” म्हटलं आणि आम्हा उरलेल्या चौघांना दुसरं व्याख्यान मिळालं.

वांग्याच्या भरताचा प्रयोग मात्र पार फसला. मंडळात जळगावच्या एक ताई आहेत. त्यांच्याकडे भरताचं वांगं तुरीच्या काड्यांवर भाजतात. इथे दोन तास मंद धुरात राहून वांगं मऊ झालं, साल मात्र तशीच चकचकीत. ताईंनी एक घास घेतला. “उकडलंय छान,” म्हणाल्या. भरताला जाळ लागतो, नुसता धूर पुरत नाही. आता वहिनी ते स्वयंपाकघरातल्या गॅसवर करतात.

मग 2024 च्या जुलैमध्ये बेरिल वादळ आलं. ह्यूस्टन आणि आसपासच्या भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची कित्येक दिवस. फ्रीजरमधलं सगळं वितळायला लागलं. अंगणात टिकाऊरावांचा स्मोकर उभा होता: जाड पत्रा, बळकट बिजागऱ्या, हिकरीने भरलेलं पोट, आणि वायर बंद पडलेल्या भिंतीत. पलीकडचा अमेरिकन शेजारी त्याची जुनी, गोल, कोळशाची वेबर केटल ओढत बाहेर आला. जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने 1952 साली पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन भाग करून बनवलेली ती रचना. तिला ना कंट्रोलर, ना पंखा. त्यावर आमच्या अख्ख्या गल्लीची कोंबडी भाजली गेली. सांगलीहून फोन आला, तेव्हा आईंनी फक्त तब्येतीची चौकशी केली. वायरचा विषय त्यांनी काढला नाही, ही त्यांची थोरवी.

पुढे एका पावसाळी आठवड्यात स्मोकर पेटेना. टिकाऊरावांनी पत्रा तपासला, रंग तपासला, बाप्पा लावून पाहिले. सगळं ठणठणीत. गेला होता तो इग्नायटर, बोटाएवढी कांडी, किंमत दोन जणांच्या पिझ्झाएवढी. वहिनींनी जाळाच्या वाटीतली घट्ट बसलेली राख चमच्याने खरवडून काढली, चार स्क्रू सोडले, नवीन कांडी बसवली. या यंत्राचा सांगाडा सहसा आधी जात नाही. जातात ते इग्नायटर, पंखा, मळसूत्राची मोटर, तापमापक. आणि बरेचदा जातात ते साठलेल्या राखेने किंवा ओल्या पेलेटने. म्हणजे विचारायचं ते हे, की सुटे भाग दहा वर्षांनी मिळतील का, आणि ते घरच्या स्क्रूड्रायव्हरने बदलता येतील का. टिकाऊरावांच्या तक्त्यात एकूण किती रकाने होते ते मी बघितलं आहे. हा एक नव्हता. आता आहे, आणि त्याला पिवळा रंग दिला आहे.

स्मोकर बाकी उत्तम चालला आहे. दर चार-पाच स्वयंपाकांनंतर वहिनी राख काढतात, टिकाऊराव वर झाकण घालतात आणि दोघेही आपापल्या कामाला तितकंच महत्त्व देतात. तुम्हाला असा स्मोकर घ्यायचा असेल तर त्यांचा तक्ता जरूर मागा, ते आनंदाने पाठवतील, फोनवर समजावूनही सांगतील. फक्त येत्या उन्हाळ्यात हवा असेल, तर थेट वहिनींना फोन करा.