सिंहगडवीर

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत हा निदान एक तरी असतोच. एरवी दुसऱ्या मजल्यावर जायलाही याला लिफ्ट लागते. पण पहिला पाऊस पडला की अंगात मावळा संचारतो. शनिवारी रात्री ग्रुपवर फर्मान सुटतं, "उद्या पहाटे पाच. सिंहगड. कारणं चालणार नाहीत."

आतकरवाडीच्या पायथ्याशी तो मनगटावरचं घड्याळ सुरू करतो. चढताना दम लागतो हे कबूल करायचं नसल्यामुळे दर वळणावर निसर्ग बघायला थांबतो. पुणे दरवाजात फोटो, मग पिठलं-भाकरी, दोन प्लेट कांदाभजी आणि मडक्यातलं दही. घड्याळाने जळाल्या म्हणून सांगितलेल्या कॅलरी जागच्या जागी व्याजासकट परत. आणि मग उतरताना पोरासोरांना मागे टाकत दणादण उड्या. "उतरण्यात काय आहे? ते फुकटच असतं!"

ते फुकटचंच महागात पडतं. चढताना मांडीचे स्नायू आखडून शरीर वर उचलतात. उतरताना त्यांना ब्रेकचं काम असतं. ताणलं जात असतानाच भार सोसायचा. यात दम कमी लागतो, पण स्नायूतंतूंची बारीक मोडतोड जास्त होते. शिवाय तिचं बिल उशिरा येतं. रविवारी फुशारकी, सोमवारी कण्हणं, मंगळवारी कळस.

मंगळवारी ऑफिसात लिफ्ट चालू असूनही हा मुद्दाम जिन्याने उतरतो. कठडा धरून, आडवा, खेकड्यासारखा. खुर्चीत बसताना दोन्ही हात टेबलावर, डोळे मिटलेले, आणि शेवटचे चार इंच देवाच्या भरवशावर. कुणीतरी "काय झालं हो?" विचारेपर्यंत कण्हणं थांबत नाही. विचारलं की लगेच उत्तर तयार, "काही नाही, परवा गडावर गेलो होतो. लॅक्टिक ॲसिड साठलंय."

ते बिचारं ॲसिड रविवारी याची आंघोळ होईपर्यंतच रक्तातून ओसरलेलं असतं. असं उशिरा उठणारं दुखणं स्नायूंच्या आतल्या फाटाफुटीचं असतं, असं थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडलं होतं. पण ॲसिड म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो आदर येतो, तो फाटाफुटीला कुठून येणार?

याची मुलगी फिजिओथेरपी शिकते. ती सांगून थकली, "बाबा, एकदा दुखलेला स्नायू शहाणा होतो. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा गेलात तर निम्मंही दुखणार नाही. नाहीतर रोज जिना तरी उतरा." पण स्नायूंचा शहाणपणा टिकतो काही आठवडे, आणि याची हौस उगवते वर्षातून एकदा. त्यामुळे दर पावसाळ्यात मांड्या पुन्हा बालवाडीत.

यंदा मात्र मुलीचं बोलणं त्याने मांडीला मलम चोळत लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे चढण्याचा दोष नाहीच, उतरण्याचा आहे!"

"मग पुढच्या वेळी उतरताना जीपने या," बायको म्हणाली.

तो विचारात पडला. जीपने उतरलं तर मंगळवारी दुखणार नाही. आणि दुखलं नाही, तर गडावर गेलो होतो हे ऑफिसात कळणार कसं?