तिथी गुणिले पाऊण

चाकावरचं घर भाड्याने घेऊन कोकण करायचं, ही कल्पना मेहुण्याची. "भाऊजी, हॉटेल शोधायची भानगडच नाही. समुद्र दिसला की ब्रेक, खाडी दिसली की गळ!" राज्य सरकारने 2021 साली कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, हेही त्याने अशा थाटात सांगितलं, की ते आमच्याच कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून केलं असावं.

गाडीचे फोटो आले. पलंग, ओटा, फ्रिज, संडास. बायकोने ते शांतपणे पाहिले. "म्हणजे सुट्टीतही मी ओट्यापाशीच. फक्त ओटा हलता."

मेहुण्याला पावसाळ्यात जायचं होतं, ताम्हिणीचे धबधबे बघायला. पण जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, मग बंदरावर बघायचं काय? जानेवारी ठरला आणि मी एक्सेलमध्ये तक्ता मांडला. पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेसवी. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै. आरावीला किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर 'निसर्गदर्शन, 20 मिनिटं'. केळशीच्या खाडीवर 'मासेमारी, रविवार, दुपारी 12 ते 2'. त्यापुढच्या रकान्यात 'मासा, 2 किलो'. आणि रात्रीच्या जेवणासमोर 'सदर मासा'.

तक्ता आंजर्ल्याच्या मामांना फोनवर वाचून दाखवला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथी कुठली?"

"रविवार."

"अरे, तो वार झाला. तिथी?"

मी गप्प. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली. "अष्टमी, मामा."

"हं. आठ पाऊण किती?"

"सहा," ती म्हणाली. मी अजून मोबाइलमध्ये कॅलक्युलेटर शोधत होतो.

कोकणातलं भरतीचं गणित असं : तिथीला पाऊणने गुणायचं, साधारण तितक्या वाजता पाणी पूर्ण भरतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहाएक तासांनी पुरी ओहोटी. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास पाण्याला उधाण असतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी चढतं तेही बेताचं आणि उतरतं तेही बेताचं. हे सगळं मामांच्या बोटांच्या पेरांवर असतं. माझ्या तक्त्यात अकरा रकाने होते, त्यात चंद्राला जागा नव्हती.

"रविवारी बारा वाजता खाडीत ओहोटी, तीही भांगाची," मामा म्हणाले. "गरवायला बसशील तर खेकड्यांची करमणूक होईल. मासा चढत्या पाण्याबरोबर आत येतो, तुझ्या तक्त्याबरोबर नाही. आणि फेरीत चढवताना जपा. पाणी खाली गेलेलं असलं की उतार वाढतो, लांब गाडीची शेपटी घासते."

मेहुण्याने विषय बदलला. "मामा, गाडी तुमच्या वाडीतच लावू. रात्री तिच्यातच झोपू."

"उंची किती तिची?"

"साडेनऊ फूट."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मामा बाहेर जाऊन आंबे काढायच्या झेल्याच्या काठीने फणसाची फांदी मोजून आले. "साडेआठावर फांदी आहे. फणस तोडायचा नाही. टप काढता येतो का?"

टप निघत नव्हता. मग संडासाच्या टाकीचा प्रश्न आला. ती कुठे रिकामी करायची, हे गाडीवाल्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं, "सोय बघून." मामांनी ती सोय वाडीत विहीर असल्याचं सांगून एका वाक्यात मोडीत काढली. "गाडी देवळापाशी मोकळ्यावर लावा आणि माजघरात झोपा. आंघोळीला चुलीवरचं पाणी आहे, संडास घरात आहे. जेवायला तुमची मामी आहे."

"माझं मत मामांना," बायको म्हणाली.

थोडक्यात, ज्यात राहायचं म्हणून घर भाड्याने घ्यायचं, ते देवळापाशी उभं राहणार आणि आम्ही मामांकडे झोपणार. हे तर आम्ही दरवर्षी एस.टी.ने जाऊनही करतो. पण मेहुण्याने आगाऊ रक्कम भरली होती आणि ती परत मिळत नव्हती, म्हणून बेत कायम राहिला.

तक्ता आता सुधारला आहे. पहिला रकाना तिथीचा, आणि तो बायकोच्या ताब्यात. सहल पौर्णिमेला धरली आहे. त्या दिवशी पाणी सव्वाअकराला भरणार, म्हणून नऊपासून केळशीच्या खाडीवर गळ टाकून बसायचं. 'मासा, 2 किलो' हे मात्र मामांनी खोडायला लावलं. आता तिथे लिहिलं आहे : 'हर्णै बंदर, संध्याकाळचा लिलाव. रोख पैसे जवळ ठेवणे.'