ठसा जुळत नाही

बँकेत जन्म काढलेल्या बाईला ‘तुमची ओळख काय?’ असं विचारलं, की तिचा हात आपोआप पर्सकडे जातो. आधार, पॅन, एक फोटो, सगळ्याच्या दोन झेरॉक्स आणि प्रत्येकीवर सही. त्यामुळे लिनोकट, म्हणजे ठोकळा कोरून चित्र छापायची कला, शिकवणाऱ्या आमच्या तरुण सरांनी “या कामाचा विषय आहे, स्वतःची ओळख” असं जाहीर केलं, तेव्हा अख्ख्या वर्गात मी एकटीनेच विचारलं, “मूळ प्रत की साक्षांकित?” सर हसले नाहीत. त्यांना वाटलं, काकू फार खोल बोलल्या.

वर्गातली बाकीची मंडळी पंचविशीतली. त्यांच्याकडे ओळखीचा तुटवडा नव्हता. भरपूर होती, फक्त सगळ्यांची एकच होती. अर्धा चेहरा आणि अर्धं झाड. अर्धा चेहरा आणि अर्धा मुखवटा. मेंदूच्या जागी चक्रव्यूह. डोक्याचं झाकण उघडलेलं आणि त्यातून पक्षी भुर्र. एका मुलाने मानेखाली लांबच लांब मुळं काढली होती. मूळ गाव कुठलं म्हणून मी कौतुकाने विचारलं, तर म्हणाला, कोथरूड. स्वतःच्या शोधात निघालेले सगळे एकाच स्टॉपवर कसे उतरतात, हा प्रश्न मी गिळला. फी भरली होती.

माझ्या ओळखीची अडचण निराळी, कागदोपत्री होती. माहेरचं नाव एक. लग्नात तांदूळ पसरलेल्या ताटात अंगठीने दुसरं नाव लिहिलं गेलं. दाणे बाजूला सरतात, खालचं चकचकीत ताट दिसतं आणि त्या मोकळ्या रेघेतून नवी बाई उमटते. लिनोकटचं तंत्र नेमकं हेच आहे, काढून टाकल्याने उमटवणं. म्हणजे माझी पहिली आवृत्ती सासूबाईंच्या देखरेखीखाली, सनईच्या आवाजात, नवरोबांच्या हस्ते निघाली होती. अक्षर वाईट होतं. पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर एक बाई आणि सर्व्हिस बुकात दुसरी, असा पेच पडल्यावर गॅझेट झालं आणि ‘या दोन्ही व्यक्ती एकच आहेत’ असं प्रतिज्ञापत्र मी नोटरीसमोर केलं. नोटरीने मान वर करून एकीकडेसुद्धा पाहिलं नाही. दोन्ही नावं इथे देत नाही. तुमचं माझं केवायसी झालेलं नाही.

जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या निम्म्या लोकांचा जन्म या तारखेला झाला, हे आपल्याला ठाऊक आहेच. गुरुजी शाळेत नाव घालून घेताना पोराच्या उंचीवरून वर्ष ठरवायचे आणि सोयीने दिवस. आई म्हणायची, तू पोळ्याच्या आदल्या दिवशीची. म्हणजे भर पावसाळ्यात जन्मलेली मी सरकारदरबारी पाऊस पडायच्या आधीच हजर होते. तो जास्तीचा काळ नोकरीतून कापला गेला, ते वेगळंच.

अशा बाईने स्वतःची ओळख म्हणून काय कोरावं? बराच विचार करून मी सरळ चेहरा कोरायचं ठरवलं. तेवढी एकच गोष्ट मला कुणाकडून अटेस्ट करून घ्यावी लागत नव्हती.

लिनो म्हणजे लिनोलियम. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६३ साली त्याचं पेटंट घेतलं. रंगाच्या उघड्या राहिलेल्या डब्यावर जवसाच्या तेलाची रबरी साय धरते, ती पाहून त्याला हे सुचलं. ते घट्ट झालेलं तेल, बाटलीच्या बुचाचा भुसा आणि पाठीला तागाचं कापड. मूळ काम जमिनीवर अंथरायचं. चित्रकारांनी ते पायाखालून उचलून टेबलावर नंतर आणलं. माझं माहेर वर्ध्याचं. आमच्याकडे जवसाच्या चटणीशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. सरांनी लिनोचा तुकडा हातात देऊन त्याचा पोत अनुभवायला सांगितला, तेव्हा बाकीचे डोळे मिटून बोटं फिरवत होते आणि मी वास घेत होते. कोथरूडच्या मुलाला मुळं काढावी लागली. माझी तीन मिलिमीटर जाडीच्या त्या तुकड्यात आयतीच मळून आली होती.

लिनो गारठ्यात कडक होतो. कापायला मऊ हवा असेल तर थोडा वेळ उन्हात ठेवायचा. आमच्या गच्चीत साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या, त्यांच्या शेजारी मी लिनो ठेवला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “हे कसले पापड?” म्हटलं, “ओळखीचे.”

कोरायची हत्यारं दोन तऱ्हेची. ‘व्ही’ आकाराचं बारीक रेघांना, ‘यू’ आकाराचं मोठी जागा साफ करायला. जे कोरून काढाल ते कागदावर पांढरं येतं, जे ठेवाल ते काळं. मधलं काही नाही. करड्या रंगात आयुष्य काढलेल्या मध्यमवर्गीय माणसाला हे फार जड जातं. शिवाय छाप उलटा पडतो. वर्गातल्या बहुतेकांनी आपली नावं सुलटी कोरली आणि छापल्यावर ती उर्दूच्या दिशेने पळाली. माझं नाव मात्र पहिल्या फटक्यात बरोबर आलं. त्यात कौतुक काही नाही. ‘रोख मिळाली’, ‘खाते बंद’, ‘सही जुळत नाही’ या शिक्क्यांचे तळ उलटे वाचण्यात माझी हयात गेली आहे. पण त्या दिवसापासून मुलं मला ‘काकू’ऐवजी ‘मॅम’ म्हणायला लागली. ओळखीत एवढा फरक पडला.

मग आरसा समोर घेऊन मी पेन्सिलीने थेट लिनोवरच चेहरा काढला. खरी पंचाईत केसांची. काळे केस लिनोत फुकट मिळतात. काही करायचंच नाही, तसेच ठेवायचे. पांढरा केस हवा तर एकेक कोरावा लागतो. मी केस रंगवते, हे आमच्या शाखेतल्या शिपायापासून रिजनल मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत असलेलं गुपित. आता ठरवायचं होतं, की ओळख डाय लावायच्या आधीची द्यायची की नंतरची. कंटाळा म्हणत होता, काळेच ठेव. पण सर म्हणाले, “मॅम, सेल्फ पोर्ट्रेटमध्ये खरेपणा हवा.” पंचविशीतल्या मुलाला खरेपणा परवडतो. तरी मी कोरले. प्रत्येक पांढऱ्या केसासाठी मान मोडून मेहनत केली. इतकी वर्षं ते विनासायास येत होते, त्याचं मोल तेव्हा कळलं. केस कोरताना ह्यांनी खांद्यावरून डोकावून विचारलं, “हे काय, नारळाची शेंडी का?”

गालाचं गणित त्याहून अवघड. माझ्या जुन्या पासपोर्टात ओळखीची खूण म्हणून ‘डाव्या गालावर तीळ’ असं लिहिलेलं आहे. तीळ काळा, म्हणजे तो ठेवायचा आणि भोवतालचा सगळा गाल खणून काढायचा. तिळाएवढी गोष्ट शाबूत ठेवायला एवढा मोठा गाल खर्ची घालावा लागतो.

हे सगळं “या वयात” कशाला, असं घरात विचारलं गेलं. मी पिकासोचं नाव पुढे केलं. दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरीस गावात त्याने लिनोकटचं काम सत्तरी उलटल्यावरच मनावर घेतलं. एकाच ठोकळ्यावर थोडं कोरायचं, एक रंग छापायचा, पुन्हा कोरायचं, पुढचा रंग छापायचा, ही रीत त्याने गाजवली. शेवटचा रंग छापेपर्यंत ठोकळा जवळजवळ संपलेला असतो. पेन्शनरांनी ही पद्धत टाळावी.

आपल्याकडे लिनोत चेहरा आणि माणूस कसा धरावा हे बघायचं, तर नंदलाल बोस यांचं १९३० सालचं दांडीयात्रेचं चित्र बघावं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा, हातात काठी, पुढे पडलेलं पाऊल. आधार नको, पॅन नको. आम्हा वर्धेकरांना सेवाग्राममुळे बापू घरचेच, पण हे चित्र बघून कुणीही ओळखेल. चित्तप्रसाद यांचं काम मला आणखी जवळचं. हा बंगाली माणूस मुंबईत, अंधेरीत राहिला आणि बूट पुसणारी, ओझी वाहणारी मुलं त्याने लिनोत कोरली. त्या मुलांचे डोळे बघितल्यावर स्वतःचा तीळ कोरत बसायची जरा लाज वाटते. म्हणून ती चित्रं मी काम संपेपर्यंत पुन्हा बघितली नाहीत.

छापायचा दिवस आला. काचेवर शाई घ्यायची आणि रोलरने ती चांगली पसरवायची. शाई नीट लागली की रोलरखालून चर्र असा बारीक आवाज येतो. तो आला की समजायचं, जमलं. ठोकळ्यावर हातकागद ठेवला आणि वरून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासत सुटले. यंत्राची गरज नाही. मग कोपरा धरून कागद उचलला.

कागदावर एक अनोळखी बाई होती. चष्मा माझा, केस माझे, पण बाई कुणी भलतीच. नाक दुसरीकडे कललेलं, भांग चुकीच्या बाजूला. तीळ तर परगावी गेलेला. मी म्हटलं, झालं, सही जुळत नाही. तेवढ्यात नात आली आणि म्हणाली, “अय्या, अगदी आजी!” ह्यांनीही चष्मा वर सारून बघितलं आणि म्हणाले, “आता शेंडी वाटत नाही. तूच आहेस. कपाळावरच्या आठ्या तर हुबेहूब.” आठ्या मी कोरल्या नव्हत्या. हत्यार निसटून राहिलेले उंचवटे होते ते. सर त्यांना ‘ठोकळ्याचं स्वतःचं बोलणं’ म्हणतात. ठोकळाही घरच्यांच्या बाजूने बोलला.

सरांनी उलगडा केला. आरशात माझा तीळ डावीकडे दिसतो, तो मी लिनोवर डावीकडेच काढला. छापताना उलटून तो उजवीकडे गेला. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला माझा तीळ उजवीकडेच दिसतो. म्हणजे आरशाने उलटवलेलं लिनोने पुन्हा उलटवलं आणि जगाला मी जशी दिसते, तशी कागदावर आले. रेम्ब्रांटने स्वतःचे कितीतरी चेहरे आरशात बघून तांब्याच्या पत्र्यावर काढले, त्यांचंही छापताना असंच होतं. मी आजवर रोज सकाळी जिला कुंकू लावत आले, ती बाई माझ्याखेरीज दुसऱ्या कुणी कधी पाहिलेलीच नाही. आणि बाकीचे सगळे जिला ओळखतात, तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा भेटले. बरी वाटली. जरा कडक आहे.

पुढचा धक्का सहीचा. प्रिंटखाली डावीकडे ३/१० असा क्रमांक घालायचा, म्हणजे दहापैकी तिसरी प्रत, आणि उजवीकडे सही. सर म्हणाले, “पेन्सिलीने.” मी पेन्सिल खाली ठेवली. पेन्सिलीची सही! कुणी खोडरबर घेतला म्हणजे? पण जगभर चित्रकार प्रिंटवर पेन्सिलीनेच सह्या करतात म्हणे. केल्या. एकीसारखी दुसरी आली नाही. माझ्याच काउंटरवर आले असते, तर मीच मला परत पाठवलं असतं. दहा प्रती झाल्यावर पुन्हा कुणी छापू नये म्हणून ठोकळ्यावर ओरखडे मारून तो रद्द करण्याचीही रीत आहे. ते मात्र मनापासून केलं. दोन समांतर तिरक्या रेघा, चेक क्रॉस करतात तशा.

या सगळ्या भानगडीत नोव्हेंबर उजाडला. पेन्शनरांना नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठ्यावरही देता येतो. खिडकीवर गेले, यंत्रावर अंगठा ठेवला. नाही म्हणालं. दुसरा ठेवला. नाही. बोटं आयुष्यभर नोटा मोजून गुळगुळीत झालेली, वरून शाई, आणि शाई काढायला रॉकेल. खिडकीतली मुलगी म्हणाली, “मॅडम, ठसा उमटत नाहीये.” स्वतःच्या ओळखीचे दहा ठसे नुकतेच उमटवून आलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. बंगालमध्ये १८५८ साली विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर अख्ख्या पंजाचा छाप घेतला आणि तिथून हे बोटांचं प्रकरण वाढत गेलं. आमच्या शाखेतही पुरुषांचा डावा आणि बायकांचा उजवा अंगठा मी स्वतः पॅडवर दाबून घेत असे. शेतावर राबून रेघा पुसलेल्या बायकांना “आजी, जरा जोरात दाबा” म्हणून ओरडतही असे. खिडकीतल्या मुलीने मला तेच सांगितलं, फक्त ‘आजी’ म्हणाली नाही. बँकेचं ट्रेनिंग सुधारलेलं दिसतं.

पर्समध्ये प्रिंटची एक प्रत होती. क्षणभर वाटलं, काढून दाखवावी. तीळ आहे, आठ्या आहेत, खाली सहीसुद्धा आहे. पण पेन्सिलीची.

शेवटी तिने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. आता चेहऱ्यावरही चालतं. “मॅडम, हलू नका. आता पापण्या मिटा आणि उघडा.” मी डोळे मिचकावले आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत ठरले.

तेव्हा पेन्शनर वाचकांना एकच विनंती. लिनोकट जरूर शिका, पण छपाई गणपतीपर्यंत उरका. शाई नखांतून जायला दिवाळी उजाडते.