अंदाजपत्रकातल्या दोन ओळी

(रंगमंचावर टेबल. त्यावर टाइल्सचे नमुने आणि कागदांची चळत. कलाकार मोजपट्टी ताणत येतो. पट्टी हातातून सुटते आणि सर्रकन आत जाते.)

एक मीटर ऐंशी गुणिले दोन मीटर दहा! लंडनच्या वायव्येला हॅरो आहे. मेट्रोपॉलिटन रेल्वेने 'मेट्रोलँड' म्हणून जाहिराती करकरून वसवलेल्या पट्ट्यातलं उपनगर. तिथल्या १९३०च्या दशकातल्या एका सेमी-डिटॅच्ड घराचं हे बाथरूम. मागे लांबलचक बाग, पुढे बाग, आणि आंघोळीला एवढी जागा.

घराचे मालक श्रीयुत. मूळचे डोंबिवलीचे, नोकरी आयटीत, त्यामुळे अंदाजपत्रक एक्सेलमध्ये. टाइल्स, कमोड, बेसिन, शॉवर, मजुरी. बेरीज पाच हजार आठशे पाउंड, बजेट सहा हजार. तळाशी हिरव्या रंगात शिल्लक दोनशे.

सौ. मागे येऊन उभ्या राहिल्या. "ह्यात जेट स्प्रे कुठाय? आणि नहाणी ट्रॅप?"

श्रीयुतांनी दोन ओळी वाढवल्या. जेट स्प्रे पंचवीस, ट्रॅप पंधरा. शिल्लक एकशे साठ. अजून हिरवीच!

(कलाकार कानामागे पेन्सिल खोचतो, छताकडे बघतो, दातांतून हवा आत ओढतो.)

"त्स्स्स्स..."

इंग्रज बिल्डर आला, की आधी हा आवाज येतो. आवाज जितका लांब, तितकं कोटेशन मोठं. मग भिंतीवर टिचकी मारून तो विचारतो, "हे आधी कोणी केलंय हो?" जणू आधीचा बिल्डर अजून टबामागे लपलाय. मग चहा. कडक, दूध घालून, दोन चमचे साखर. शहाणा माणूस तीन कोटेशनं मागवतो, म्हणून चहाही तिघांना.

पहिल्याचं कोटेशन आठ पानी. दुसऱ्याचं पाकिटाच्या पाठीवर. तिसऱ्याचं नुसतं तोंडी, आणि सर्वांत स्वस्त. सौ. म्हणाल्या, "तोंडी आकडा तोंडातच फिरतो. कागदावर देईल तोच घ्यायचा."

आठ पानी कोटेशनच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत होतं, 'प्लस व्हॅट'. वीस टक्के! पाकिटवाल्याचा व्हॅट नव्हता. वर्षाची उलाढाल ९०,००० पाउंडांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते. तेव्हापासून श्रीयुतांना कुठलाही आकडा ऐकला की, "यात व्हॅट धरलाय ना?" असं विचारायची खोड लागली. डेंटिस्टलाही विचारून झालं.

पाकिटवाला ठरला. श्रीयुतांनी त्याला नहाणी ट्रॅपची ओळ दाखवली.

"फरशीला भोक? खाली काय आहे?"

"डायनिंग रूम."

डोंबिवलीत खाली स्लॅब, त्यावर कोबा, कोब्याला उतार. बादली उपडी केली तरी पाणी आपल्या पायाने ट्रॅपकडे जातं. हॅरोत खाली लाकडी तुळया, वर फळ्या. जमिनीवर पाणी सांडणं म्हणजे थेट जेवणाच्या टेबलावर वाढणं. ट्रॅप हवाच, तर सबंध वेट रूम करायची. फळ्या उचकटा, उताराचा तयार ट्रे बसवा, जमिनीला आणि भिंतींना टँकिंग, म्हणजे पाणी न झिरपणारा लेप, करा. पंधरा पाउंडांच्या ओळीत त्याने अठराशे लिहिले. हिरवा रंग गेला.

आणि फळ्या उचकटायच्या तर आधी गालिचा काढायला हवा. हो, बाथरूममध्ये गालिचा! जुन्या ब्रिटिश घरांत असायचाच, कमोडच्या पायथ्याशी मापात कापलेला. सौ. म्हणाल्या, "ह्यावर कोण कोण उभं राहिलं असेल!" तो दोन बोटांनी उचलला, आणि खालची फळी अंगठ्याने दाबली तरी आत जात होती. वर छताला आर्टेक्सची, म्हणजे जाड लेपाची, नक्षी. जुन्या आर्टेक्समध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनने त्यावर पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये. नमुना प्रयोगशाळेत जाईपर्यंत वर खरवडायचं नाही. खर्च झाला, दिसलं काहीच नाही. सौ.च्या निळ्या टाइल्स अजून दुकानात.

"कमोड खिडकीपासून दाराशी घेऊ या का?" श्रीयुतांनी सहज विचारलं.

"त्स्स्स्स्स्स..." (कलाकार श्वास संपेपर्यंत ओढतो, खुर्चीला धरतो.) मैल्याचा उभा पाइप खिडकीबाहेर. कमोड जितका दूर, तितका ११० मिलिमीटर जाडीचा नळ फळ्यांखालून उतार राखत न्यायचा. मध्ये तुळया आडव्या. कमोड जागेवरच राहिला.

हेअर ड्रायरच्या प्लगचं तर विचारू नका. शॉवरच्या हद्दीपासून अडीच मीटरच्या आत साधं सॉकेट चालत नाही. खोलीच दोन मीटर दहा! म्हणजे प्लग शेजाऱ्याकडे. दाढीचं खास सॉकेट तेवढं चालतं. दिव्यासाठी छतातून दोरी, ओढली की उजेड.

राहता राहिला जेट स्प्रे. पंचवीस पाउंड. त्याच्यावर बिल्डर चक्क गंभीर झाला. १९९९च्या पाणीपुरवठा नियमांत द्रवांचे पाच दर्जे. पहिला पिण्याचा, पाचवा सर्वांत घातक; कमोडमधलं पाणी त्यात. स्प्रेची नळी भांड्यात पोचते. रस्त्यात पाइप फुटला, दाब पडला, की पाणी उलटं ओढलं जाऊन पिण्याच्या नळांत शिरू शकतं. म्हणून मुख्य लाइनवर स्प्रे थेट जोडायचा नाही. मध्ये हवेचं अंतर हवं. त्यासाठी वेगळी टाकी, आणि दाब हवा तर पंप. पंचवीसचे नऊशे झाले.

(शांतता. श्रीयुत कागदाकडे, सौ. नळाकडे.)

सौ.नी विचारलं, "हवेचं अंतर म्हणजे नळ वर, भांडं खाली, मध्ये मोकळी जागा?"

"एक्झॅक्टली, मॅडम!"

"म्हणजे टमरेल."

(कलाकार टेबलाखालून टमरेल काढून प्रेक्षकांना दाखवतो.) १९९९च्या नियमांत चोख बसणारं! पंप नाही, टाकी नाही, परवानगी नाही. बिल्डरने ते उलटसुलट करून पाहिलं आणि पहिल्यांदाच हवा आत न ओढता बाहेर सोडली. नहाणी ट्रॅपही सौ.नी स्वतः खोडला. टमरेलाने पाणी जमिनीवर सांडत नाही, असं त्यांचं म्हणणं. श्रीयुतांचा नेम त्या जमेस धरत नव्हत्या, पण ते असो.

शनिवारी दोघं वेम्बलीच्या ईलिंग रोडवर. गुजराती भांड्यांचं दुकान. स्टीलचं टमरेल, कान मजबूत, किंमत चार पाउंड. सौ.नी घासाघीस करून साडेतीनवर आणलं. पाकीट उघडता उघडता श्रीयुत काउंटरवर वाकले.

"यात व्हॅट धरलाय ना?"

(दिवे जातात.)